शिक्षणसेवकाचं कपाट: जून ते जानेवारीच्या नोंदी

२ जून २०२४, सोलापूर

शिक्षणसेवकाच्या नेमणुकीची ऑर्डर हातात आहे. रत्नागिरी जिल्हा, राजापूर तालुका, पहिली ते पाचवीची दोनशिक्षकी शाळा. कायम होण्याआधी तीन वर्षं मानधनावर, महिना १६,०००. पंधरा तारखेला शाळा भरते.

आज कपाट उपसलं. जीन्स चार, टी-शर्ट अकरा, लग्नात घातलेला मरून शर्ट एक, डी.एल.एड.च्या छात्रसेवेतले, म्हणजे शिक्षक-पदविका करताना शाळेत शिकवण्याच्या सरावातले, पिवळट पडलेले पांढरे शर्ट दोन. शाळेत घालण्यासारखं म्हणाल तर काही नाही. शिक्षण विभागाचा १५ मार्चचा शासन निर्णय पुन्हा वाचला. जीन्स-टीशर्ट नको, पँट सोडून गडद रंग नको, नक्षी-प्रिंट नको. पुरुषांसाठी फिकट शर्ट, गडद पँट, शर्ट इन केलेला, पायात बूट. नाव ‘मार्गदर्शक सूचना’ असलं तरी नव्या माणसाने त्या सूचना समजायच्या की हुकूम, हे सांगायला नकोच.

खरी अडचण वेगळी आहे. मी पंचवीस वर्षांचा, वजन बावन्न किलो, मिशी म्हणावी तर नुसती सावली. गेल्याच महिन्यात बस कंडक्टरने ‘पास दाखव रे’ म्हटलं. कपड्यांनी निदान ‘दाखवा’पर्यंत न्यावं, एवढीच अपेक्षा.

आईकडून ६,००० उसने घेतले. म्हणून हा हिशेब लिहायला सुरुवात.

५ जून, सोलापूर

आई चौदा वर्षं गणवेशाच्या कारखान्यात शिवते. सोलापुरात असे कारखाने गल्लोगल्ली आहेत. इथल्या अर्ध्या बायकांनी कुठल्या ना कुठल्या राज्यातल्या पोरांच्या कॉलर लावल्या असतील. त्यामुळे ‘रेडिमेड घेऊ का’ हा प्रश्न मी विचारला आणि लगेच परत घेतला.

चाटी गल्लीत गेलो. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणत ठाण उलगडत होता. आईने कडेचा एक दोरा ओढला, माझ्याकडून काडेपेटी मागितली (माझ्याकडे ती का असावी, हे तिने विचारलं नाही) आणि दोरा पेटवला. नुसतं सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. इथे टोकाला मोहरीएवढा काळा मणी धरला, नखाने फुटेना. ‘यात पॉलिस्टर हाय,’ ती म्हणाली. दुकानदार हसला आणि भाव मीटरला वीस रुपयांनी उतरला.

गंमत म्हणजे तिला तेच हवं होतं. नुसतं सुती कापड कोकणात पावसाळाभर वाळायचं नाही आणि इस्त्रीशिवाय चुरगळलेल्या कागदासारखं दिसेल. नुसतं पॉलिस्टर घातलं तर घामाने वास मारेल. गणवेशाच्या शर्टाला असतं तसं मिश्र कापड घ्यायचं, त्याला इथे टेरिकॉट म्हणतात. पँटला पीव्ही, म्हणजे पॉलिस्टर-व्हिस्कोस.

शर्टाचं कापड ५८ इंच पन्ह्याचं, प्रत्येकी १.६० मीटर, पाच रंग: आकाशी, मोतिया, पिस्ता, बदामी आणि पांढऱ्यावर अगदी बारीक राखाडी रेघ. ८ मीटर, १८० प्रमाणे १,४४०. पँटचं २.५० मीटर, ३२० प्रमाणे ८००. एक गडद निळी, एक कोळशासारखी राखाडी. बटणं, कॅनव्हास, चेन, दोरा २१०. शिलाई घरची. एकूण २,४५०.

मला काळी पँट हवी होती. आईने साफ नाही म्हटलं. ‘खडूत काळी पँट? रोज पीठगिरणीतून आल्यागत दिसशील.’

९ जून, सोलापूर

माप घेताना आईने मला उभं केलंच नाही. आधी मांडी घालून बसवलं, मग उकिडवं, मग भिंतीवर हात पोचेल तितक्या उंचीवर ‘लिही’ म्हणाली. फळ्याच्या वरच्या ओळीला हात गेला की साध्या शर्टाचं टोक कमरेतून बाहेर येतं. म्हणून लांबी नेहमीपेक्षा दोन इंच जास्त, आणि पँटच्या पट्ट्याला आतून रबरी पट्टी, म्हणजे शर्ट धरून ठेवेल.

पँटच्या आसनात, दोन्ही मांड्यांच्या शिवणी जिथे मिळतात तिथे, तिने त्याच कापडाची शंकरपाळीएवढी कळी घातली. बाहेरून दिसत नाही. ‘लहान पोरांचा मास्तर दिवसातनं पन्नासदा खाली बसतो. बाजारच्या पँटी उभ्या माणसासाठी शिवत्यात.’

मागे शिवणीत दोन बोटं मार्जिन सोडलंय. मी जाड होईन यावर तिचा गाढ विश्वास.

बूट १,१००, चामडी पट्टा ३५०, मोजे तीन जोड १५०, रेनकोट १,२५०. आतापर्यंत ५,३००. शिल्लक ७००.

१५ जून, शाळा

प्रवेशोत्सव. आंब्याच्या पानांचं तोरण, पहिलीच्या चार मुलांना फुलं आणि पुस्तकं. मी रेघेचा शर्ट, निळी पँट, बूट चकचकीत. एका आजोबांनी माझ्याकडे बघून मुख्याध्यापकांना विचारलं, ‘नवीन गुरुजी कधी येनार?’

बुटांचं सांगायचं तर ते पायरीपर्यंतच. वर्गात सगळे अनवाणी. फरशी सकाळी मुलंच झाडतात. म्हणजे शाळेत दिवसभर माझे दिसतात ते मोजे, आणि डाव्या मोज्याच्या अंगठ्याला आजच भोक पडलं. दुसरीतल्या एकाने त्यात बोट घालून पाहिलं.

शासन निर्णयात नावाआधी ‘टि’, म्हणजे टीचर, लावायचंही म्हटलंय. इथे त्याची गरज भासणार नाही. सकाळी नऊपासून मी ‘गुरुजी’ झालोय, दुकानातही आणि एसटी थांब्यावरही. कपडे उतरवून विहिरीवर उभा असतो तरी हेच म्हणाले असते.

२४ जून

आठवड्याभरात कळलेलं:

खडू ओल्या हाताने झटकायचा नाही. भुकटीची लापशी होते आणि कापडात शिरते. कोरड्या फडक्याने वरून खाली. ते फडकं म्हणून जुन्या पांढऱ्या शर्टाची बाही कापली.

शर्ट एकदाही बाहेर आला नाही. कळीचा उपयोग काय ते खिचडी वाढताना समजलं.

खिशात पेन शाई सोडतं, म्हणून आता पेन पँटच्या खिशात. शर्टाचा खिसा खडूंचा. तो आतून कायम पांढरा राहणार आहे, त्याबद्दल खंत करायची नाही असं ठरवलं.

३ जुलै

सोलापूरला अख्ख्या वर्षात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत पडतो. हे वाचलं होतं. वाचणं वेगळं.

खोलीपासून शाळा साडेतीन किलोमीटर, त्यातला शेवटचा भाग जांभ्याचा कच्चा रस्ता. रेनकोट काहीही असला तरी गुडघ्याखाली पँट भिजते, आणि जांभ्याची लाल माती पीव्हीत बसली की साबणाने निघत नाही, नुसती पसरते. सोमवारची राखाडी पँट अजून ओली, निळी आज गेली. तिसरी नाही.

संध्याकाळी युक्ती काढली: मोटारसायकलवर अर्धी चड्डी, रेनकोट आणि रबरी चप्पल. पँट-शर्ट गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, शाळेत पोचल्यावर कार्यालयात बदलायचं.

४ जुलै

युक्ती जमली, फक्त मी पोचण्याआधी पाच मुलं पोचली होती. ‘गुरुजी हाप पँटीत!’ ही बातमी परिपाठापर्यंत पाचवीला, आणि दुपारपर्यंत वाडीत. मुख्याध्यापक गंभीर. मला वाटलं, आता शासन निर्णय निघतो. ते म्हणाले, ‘उद्यापासून पंधरा मिनिटं आधी या. मी पण तेच करतो, बावीस वर्षं झाली.’ त्यांच्या कपाटात खुंटीवर एक पँट कायम टांगलेली असते, ती मी आजवर कुणाची तरी विसरलेली समजत होतो.

१३ जुलै

पट्टा गेला. म्हणजे आहे, पण त्यावर पांढरीहिरवी बुरशी, जुन्या लोणच्याच्या बरणीसारखी. बूटही आतून तसेच. खोलीच्या मालकीणकाकू म्हणाल्या, ‘गुरुजी, चामडं गणपतीपर्यंत गुंडाळून ठेवा. इथं म्हशीच्याच अंगावर टिकतं ते.’ बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते माळ्यावर टाकले. कापडी विणीचा पट्टा राजापुरातून, १२०. पावसाळी सँडल २८०. शिल्लक ३००. शासन निर्णयातले ‘शोभतील असे बूट’ सप्टेंबरपासून.

इस्त्री: वीज गेली की दोन दिवस येत नाही. काकूंनी पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरून दिले. बूड राखेने घासून घ्यायचं, फडक्याने पुसायचं, मग चालवायचं. पहिल्याच झटक्यात राखाडी पँटच्या मांडीवर चकाकी आली, पीव्हीचं हेच दुखणं. फोनवर आई ओरडली: उलटी कर, वर ओलसर रुमाल टाक. आता तसंच करतो. पँटची घडी मात्र इस्त्रीने नाही, सतरंजीखाली. रात्रभर माझे बावन्न किलो पुरतात.

कपडे वाळवायची दोरी चुलीच्या वर. त्यामुळे माझ्या सगळ्या शर्टांना तांदळाच्या भाकरीच्या धुराचा वास येतो. अजून कुणी तक्रार केलेली नाही. सगळ्यांच्याच कपड्यांना येतो.

३० जुलै

शर्ट वाळायला तीन दिवस लागतात, म्हणून पाचही ठरलेल्या क्रमाने फिरवतोय. सोमवार आकाशी, मंगळवार मोतिया, बुधवार पिस्ता, गुरुवार बदामी, शुक्रवार रेघेचा. शनिवारी सकाळची शाळा, जो वाळला असेल तो. यात सौंदर्यदृष्टी काही नाही, दोरीची लांबी आहे.

पहिलीत आज वार शिकवत होतो. ‘काल कोणता वार?’ म्हटल्यावर सगळे गप्प. मग एकजण माझ्याकडे बघत म्हणाला, ‘आज गुरुजी मोतिया, म्हणजे मंगळवार.’ रंगाचं नाव त्याला चौथीतल्या बहिणीने सांगितलेलं. मग सुरूच झालं. उद्या पिस्ता, परवा बदामी. चार मुलांना दहा मिनिटांत वार आले. तक्त्यावर आठवडाभर डोकं आपटत होतो.

चौथीची ती बहीण दारात उभी होती. यंदाचे गणवेश अजून आलेले नाहीत, मुलं घरच्या कपड्यांत येतात. तिचा जांभळा फ्रॉक मी जूनपासून बघतोय. ती हसत म्हणाली, ‘मग माझा रोज सोमवार.’

रात्री नवीन शर्टांची यादी केली होती, ती खोडली. पाच पुरे. आई म्हणाली, ‘मापं पाठव, मी शिवते दोन फ्रॉक.’ म्हटलं, मुली नऊ आहेत. ती म्हणाली, मग कापड किती लागेल ते तरी सांग. बोलणं तिथेच राहिलं.

१२ ऑगस्ट

पहिलं मानधन जमा झालं, उशिरा. १६,००० वजा २०० व्यवसाय कर. आईला ३,००० परत.

१५ ऑगस्ट

पांढरा शर्ट हवा होता. छात्रसेवेतला एक निळीत बुडवला. निळीचा हात जास्त झाला. मुख्याध्यापकांचा परीटघडीचा पांढरा आणि माझा चुन्याच्या भिंतीसारखा. फोटोत मात्र माझाच जास्त पांढरा दिसतो.

९ ऑक्टोबर

गणवेश आले. यंदा शाळेने घेतलेले नाहीत, वरून, सरकारकडूनच शिवून आलेले. आकाशी शर्ट, गडद निळी पँट. मी आज, सोमवार नसताना, नेमका आकाशी शर्ट आणि निळी पँट घालून आलेलो. रांगेत मागे उभा राहिलो तर शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख दारातून म्हणाले, ‘पाचवीचा हा मुलगा फार उंच झाला हो!’

मापं मात्र कुणाची कुणाला. दुसरीतल्या एकाची बाही बोटांच्याही खाली, पाचवीतल्या मुलाचं पहिलं बटण लागेना. मी आईचा मुलगा आहे, हे पहिल्यांदा नोकरीत उपयोगी पडलं. सुई-दोरा मागवला आणि मधल्या सुट्टीत पायरीवर बसून बाह्या आतून दुमडून टाके घातले. कापायचं नाही, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतात. बटणं सरकवली. एका दिवसात सहा शर्ट. तुटक्या बटणांसाठी खडूच्या रिकाम्या खोक्यात डबा केला. गावात बातमी गेली असावी, कारण संध्याकाळी एक आजी तिचा ब्लाउज घेऊन आली. तिला नम्रपणे परत पाठवलं. हुक माझ्याने होत नाहीत.

४ नोव्हेंबर, सोलापूर

दिवाळीची सुट्टी. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर, तिथून सोलापूर. बॅग उघडताच आई म्हणाली, ‘धुराचा वास येतोय तुला.’

तिने पाचही शर्ट उलटे करून टेबलावर मांडले, डॉक्टरांनी एक्स-रे बघावा तसे. कॉलरची आतली कड कुठे झिजली, उजवं कोपर डाव्यापेक्षा किती पातळ झालंय (फळ्यावर टेकतो), तिसऱ्या बटणाची काजं का ताणलीत. ती कॉलर सोडवून उलटी लावते, झिजलेली बाजू आत जाते. शर्टाला दोन वर्षं मिळतात. दोन कॉलर उलटल्या.

तिसरी पँट शिवली: मातकट तपकिरी. ‘तुझ्या त्या लाल मातीचा रंग,’ ती म्हणाली. डाग पडलाच तरी दिसू नये, हाच एवढा विचार. शासन निर्णयात गडद म्हटलंय, ही गडद आहे. मला ही पँट सगळ्यात जास्त शोभते, आणि ती मी निवडलेली नाही.

आईचे उरलेले ३,००० फेडले. नवीन कापड ४००, ते तिने घेतले नाहीत.

२१ नोव्हेंबर

विधानसभेची ड्युटी संपली. मतदान अधिकारी क्रमांक २, म्हणजे नोंदवही आणि बोटाला शाई. १९ ला साहित्य घेऊन केंद्रावर, रात्री तिथेच बाकांवर झोप, २० ला पहाटेपासून मतदान. कपड्यांचा निष्कर्ष: पूर्ण बाही (डास), तपकिरी पँट, खिसे कितीही असले तरी कमीच. मोज्यांचे दोन जोड न्यावेत. सोबतचे एक गुरुजी सफारी घालून आले होते. चार खिसे, न चुरगळणारं कापड. आपण उगाच हसतो सफारीला.

दुपारी गर्दीत एका मतदाराचा कोपर लागला आणि शाईची काडी माझ्या उजव्या कफवर. रेघेचा शर्ट. तेव्हा नुसता जांभळट ठिपका होता. संध्याकाळी काळा. ती शाई मैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि उजेड लागला की ते काळं पडतं. माणसाच्या बोटावरून नखाबरोबर वाढून जातं, शर्टाला नख वाढत नाही. लिंबू, दही, रॉकेल सगळं झालं. आईला विचारलं. ‘बाही दुमड,’ ती म्हणाली.

३० नोव्हेंबर

शुक्रवारी बाह्या कोपराखाली दोन घड्या. एकाच शर्टाच्या दुमडल्या तर डाग लपवतोय असं दिसेल, म्हणून आता रोज सगळ्याच दुमडतो. फळ्यावर हात मोकळा चालतो, कफला खडू लागत नाही. सहा महिने ही साधी गोष्ट का सुचली नाही, कोण जाणे.

मुख्याध्यापक म्हणाले, ‘आता जरा गुरुजी दिसायला लागलात.’ आजवर इस्त्रीवर इतका जीव काढला तो फुकट.

२३ डिसेंबर

पुढच्या वर्षीपासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीने घ्यायचे, असा निर्णय आला. आईला सांगितलं तर तिने लगेच कारखान्यातला भाव सांगितला. म्हटलं, आई, माझ्या शाळेत तू पडू नको. ती म्हणाली, ‘बरं. पण बाहीला दोन इंच आत सोडायला सांग कुणी पण शिवू दे.’ हे समितीच्या बैठकीत मांडणार आहे.

क्रीडा स्पर्धांसाठी ट्रॅकपँट, ३५०. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

१७ जानेवारी २०२५

स्नेहसंमेलन पुढच्या शुक्रवारी. पाचवीची नाटिका आहे, शाळेवरचीच, त्यात एक गुरुजी. गुरुजी होणार तो दुसरीतला, मोज्याच्या भोकात बोट घालणारा. पाचवीत कुणी एवढा बारीक नाही म्हणे. तालमीत त्याने बाह्या दुमडल्या, एक जास्त, एक कमी. खिशात खडू टाकला, खाली बसताना पँट गुडघ्यावर चिमटीने वर ओढली. हे मी करतो, हे मला माहीत नव्हतं. मुख्याध्यापक हसून हसून बाहेर गेले.

तालीम संपल्यावर तो आला. ‘गुरुजी, तुमचा तो शायीचा शर्ट द्या ना. दुसरा नको.’

दिला. गुडघ्यापर्यंत येतो त्याला, इन केला तर चड्डीत मावत नाही. खालून नऊ इंच आत घेतला, खांद्याला दोन्हीकडे चुण्या, बाह्यांना चार घड्या. टाके कच्चेच घातलेत, संमेलन झालं की उसवायचे. सोमवारी शिक्षकांची शिक्षण परिषद आहे आणि आकाशी शर्टाची कॉलर अजून उलटायची राहिलीय.